परीक्षा कोणाच्या हातात? क्षमताधिष्ठित शिक्षणाबद्दल एका वेल्डिंग निदेशकाचं उत्तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘क्षमताधिष्ठित शिक्षण, म्हणजे वर्षं न मोजता काय करता येतं ते मोजणारं शिक्षण, हे हल्ली शिक्षणखातं आणि कामगारखातं दोघांचंही आवडतं साधन झालं आहे. तुम्ही प्रशिक्षण दिलंय आणि मूल्यमापनही केलंय. हे खरंच चालतं का, की नुसती प्रमाणपत्रं छापली जातात?’

दोन्ही होतं. कुठे काय होतं ते ओळखता येतं, आणि ते कसं ओळखायचं हेच सांगायचा प्रयत्न करतो. मी वेल्डिंगचा माणूस आहे. आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक होतो, मग एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात होतो आणि गेली काही वर्षं असेसर, म्हणजे उमेदवारांची परीक्षा घेणारा, म्हणून फिरतो. धोरणाची भाषा मला उशिरा कळली. त्यामुळे सुरुवात पाइपच्या तुकड्यापासून करतो.

पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका पक्का केलेला असतो. तो फिरवायचा नाही, वेल्डरनंच त्याच्याभोवती फिरायचं. सपाट, आडवा, उभा, डोक्यावरचा असे सगळे कोन त्या एका जोडात येतात. याला ६जी म्हणतात. आतला रूट रन, म्हणजे मुळाशी मारायचा पहिला थर, आर्गन वायूच्या वेल्डिंगनं, वरचे पास (थर) बहुतेक वेळा ७०१८ नंबरच्या रॉडनं, आणि तो रॉडही ओव्हनमधून गरम काढलेला. जोड थंड झाला की एक्स-रे काढतात किंवा पट्ट्या कापून वाकवून बघतात. पोरोसिटी (वायूची छिद्रं), आत अडकलेला स्लॅग (मळी), रूट नीट न वितळणं, सगळं फिल्मवर दिसतं. कोणाच्या ओळखीनं फिल्म बदलत नाही.

ही परीक्षा एएसएमई या अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेच्या संहितेच्या नवव्या भागाप्रमाणे होते. बॉयलरच्या कामासाठी आपल्याकडे १९५० च्या इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सखाली वेगळी होते. एएसएमईच्या परीक्षेतल्या चार गोष्टी लक्षात ठेवा. तू कुठे शिकलास, किती वर्षं शिकलास, दहावी पास आहेस का, हे कोणी विचारत नाही. पुरावा वस्तूच्या रूपात समोर असतो. मिळालेली पात्रता मोजून-मापून दिलेली असते: ही प्रक्रिया, ही जाडी, हा व्यास, या पोझिशन. आणि सहा महिने त्या प्रक्रियेनं वेल्डिंग मारलंच नाही, तर पात्रता संपते. पुन्हा जोड मारून दाखवा.

क्षमताधिष्ठित शिक्षणाची सगळी कल्पना या चार ओळींत आहे. वेळ मोजायचा नाही, काय करता येतं ते मोजायचं. माझ्या ट्रेडमध्ये हे कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाच्या आधीपासून चालत आलं आहे, आणि ते टिकलं त्याचं कारण साधं आहे. जोड फुटला तर वाफेच्या दाबाखाली माणसं मरतात आणि कंपनी बुडते. म्हणून परीक्षा घेणाऱ्याला उमेदवार पास होण्यापेक्षा तो खरंच पास होण्यालायक आहे का, यात रस असतो. एवढं करूनही साइटवरचा वेल्डिंग इंजिनियर जुनं प्रमाणपत्र बाजूला ठेवतो आणि म्हणतो, ‘एक कूपन (चाचणीचा तुकडा) मारून दाखव.’ बॉयलरच्या नळ्यांमागे हात जात नाही, आरसा लावून त्यात बघत वेल्डिंग मारावं लागतं. तिथे डावं-उजवं उलटं होतं. ते ६जीच्या कागदात लिहिलेलं नसतं.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर: चुकीची किंमत ज्याला मोजावी लागते त्याच्या हातात परीक्षा असेल तिथे ही पद्धत चालते, पास झालेल्या डोक्यांवर ज्याचं बिल निघतं त्याच्या हातात असेल तिथे ती कागदावर चालते. बाकीचं उत्तर म्हणजे याचाच तपशील आहे.

महाराष्ट्राला हा शब्द नवा नाही, हे आधी नोंदवतो. १९८८ मध्ये केंद्राची माध्यमिक शिक्षणाच्या व्यावसायिकीकरणाची योजना आली, आणि आपल्याकडे अकरावी-बारावीला ‘किमान कौशल्यावर आधारित’ व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले. एमसीव्हीसी म्हटलं की जुन्या लोकांना लगेच कळेल. नावातच ‘किमान कौशल्य’. पुढे १९९१ मध्ये दवे समितीचा किमान अध्ययन पातळ्यांचा अहवाल आला आणि नव्वदच्या दशकात प्राथमिक शाळांमध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाचा बोलबाला झाला. त्या काळातल्या कुठल्याही गुरुजींना विचारा, क्षमतांच्या क्रमांकांपुढे बरोबरच्या खुणा करायचे तक्ते त्यांच्या बोटांत अजून असतील. आता त्यालाच ‘अध्ययन निष्पत्ती’ म्हणतात. तक्ते तसेच आहेत.

एमसीव्हीसीकडे मात्र मी थोड्या आदरानं बघतो. माझ्याकडे आलेली तिथली मुलं हातानं बरी असायची आणि त्यांना पुढे वाटही होती. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळायचा, दोन वर्षांची आयटीआय केलेल्यांनाही मिळतो. आज ज्याला ‘ऊर्ध्वगामी मार्ग’ म्हणतात तो एवढ्या साध्या नियमानं तयार झाला होता. त्याला दहा पातळ्यांची शिडी लागली नव्हती.

आता शिडीकडे, म्हणजे कौशल्याच्या पातळ्या ठरवणाऱ्या राष्ट्रीय आराखड्याकडे येतो. आपली शिडी ज्या घरून आली ते घर इंग्लंडचं आहे, आणि तिथे काय झालं ते माहीत असल्याशिवाय आपलं कळत नाही.

१९८२ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या तीस लाखांच्या वर गेली होती. शाळा सोडलेली मुलं मोठ्या संख्येनं रिकामी बसलेली. सरकारनं १९८३ मध्ये युथ ट्रेनिंग स्कीम काढली, म्हणजे मुलांना कामावर पाठवा आणि भत्ता द्या. पण त्या मुलांनी कामावर काय शिकलं हे सांगणारा कागद नव्हता. जुनी पात्रता कॉलेजांच्या आणि अप्रेंटिसशिपच्या हातात होती, आणि अप्रेंटिसशिपवर कामगार संघटनांचं वजन होतं. १९८६ मध्ये नॅशनल कौन्सिल फॉर व्होकेशनल क्वालिफिकेशन्स उभं राहिलं आणि एनव्हीक्यू नावाची पाच पातळ्यांची पात्रता आली. तत्त्व असं की मालकवर्गानं कामाचे निकष लिहायचे. कुठे शिकलात, किती दिवस शिकलात याचा संबंध नाही. निकष पूर्ण झाले की प्रमाणपत्र.

हे शिक्षणाचं साधन होतं आणि त्याच वेळी श्रमधोरणाचंही होतं. ‘कुशल कोण?’ हे ठरवायची सत्ता कॉलेज आणि युनियनकडून काढून निकषांच्या यादीकडे दिली गेली. यादी कोण लिहितो, याला म्हणून इतकं महत्त्व. आपल्याकडे हा भाग कोणी उच्चारतच नाही. चर्चा सुरू होते ती थेट ‘उद्योगाला काय हवं’ इथून, जणू उद्योग म्हणजे एकच माणूस आहे आणि त्याला काय हवं ते त्याला माहीत आहे.

पुढे दोन गोष्टी घडल्या. पहिली: निकष संदिग्ध आहेत असं दिसलं की त्यांची आणखी फोड केली जायची, फोड केलेलंही संदिग्ध वाटलं की आणखी बारीक. ॲलिसन वूल्फ या अभ्यासक बाईंनी हा भोवरा नव्वदच्या दशकातच नेमका पकडला होता: शब्द वाढवून परीक्षकांमधला फरक मिटत नाही, कारण ‘पुरेसं चांगलं’ म्हणजे काय हे शब्दांत मावत नाही, ते अनेक जोड बघून नजरेत बसतं. दुसरी: थिअरी गळाली. मँचेस्टरच्या ॲलन स्मिदर्स यांनी १९९३ मध्ये यावर जाहीर झोड उठवली, की करून दाखवण्याच्या नादात गणित आणि विज्ञान सुटत चाललं आहे. १९९७ मध्ये ते कौन्सिल दुसऱ्या संस्थेत विलीन झालं. २०११ मध्ये त्याच वूल्फ बाईंनी सरकारसाठी अहवाल लिहिला तेव्हा त्यांना दिसलं की सोळा ते एकोणीस वर्षांची किमान साडेतीन लाख मुलं अशा शिक्षणात आहेत ज्याचा त्यांना फारसा फायदा नाही. म्हणजे पाव शतकानंतर.

थिअरी गळण्याबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. ७०१८ रॉड ओव्हनमध्ये ठेवायचा, हा एक निकष झाला. मुलगा ठेवतो, खूण होते. पण ओल्या रॉडमधून हायड्रोजन जोडात शिरतो आणि तडा कधीकधी दुसऱ्या दिवशी उमटतो, हे ज्याला माहीत आहे तो ओव्हन बंद पडलं तर काम थांबवतो. ज्याला माहीत नाही तो म्हणतो, रॉड ओव्हनमध्येच होता की! निकष दोघांनीही पूर्ण केला. असेसमेंटच्या दिवशी ओव्हन चालूच असतं, त्यामुळे दोघांतला फरक मला दिसतच नाही.

इंग्लंडमध्ये या साधनाबद्दल इतकी तक्रार झालेली असताना आपण ते उचललं. ‘नॅशनल ऑक्युपेशनल स्टँडर्ड्स’ (कामाचे राष्ट्रीय निकष), आम्ही ज्याला एनओएस म्हणतो, तो शब्दही तिथलाच. २००८ मध्ये एनएसडीसी, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ, उभी राहिली, मग एकेका उद्योगक्षेत्राची स्किल कौन्सिलं, त्यांनी क्वालिफिकेशन पॅक, म्हणजे एकेका कामाच्या निकषांचे संच, लिहिले. २७ डिसेंबर २०१३ ला राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. दहा पातळ्या. २०२३ मध्ये त्या आठ केल्या आणि मध्ये अर्ध्या अर्ध्या घातल्या, साडेचार, साडेपाच वगैरे. आम्ही असेसर मंडळी यावर जे विनोद करतो ते इथे लिहीत नाही.

आराखड्याचा हेतू चांगला होता, हे मी प्रामाणिकपणे म्हणतो. २०१५ च्या राष्ट्रीय धोरणात एक आकडा होता: आपल्या कामगारांपैकी औपचारिक कौशल्य प्रशिक्षण घेतलेले फक्त ४.७ टक्के, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. हा आकडा प्रत्येक भाषणात असायचा. पण या आकड्याचा अर्थ ‘आपल्या लोकांना काम येत नाही’ असा घेतला गेला, आणि गडबड तिथे झाली. आपल्याकडे काम शिकवलं जातं ते कागदाबाहेर. हेल्पर, मग ग्राइंडर, मग टॅकिंग करणारा (तुकडे टाके मारून तात्पुरते जोडणारा), मग वेल्डर. बिगारी, मग गवंड्याच्या हाताखालचा, मग हातात थापी. ही पण पातळ्यांचीच शिडी आहे. कधी वर चढायचं हे मिस्त्री ठरवतो, आणि तो पक्षपाती असू शकतो, जातीचा-गावाचा विचार करू शकतो, हे खरं. तरी भिंत वाकडी गेली तर शिव्या त्याला बसतात, म्हणून तो उगाच कोणाच्या हातात थापी देत नाही.

मग प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली, जुलै २०१५. पहिल्याच वर्षाचं लक्ष्य २४ लाख. दुसऱ्या टप्प्याचं, २०१६ ते २०२०, एक कोटी, आणि १२ हजार कोटी रुपये. दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षण संस्थेला पैसे तीन हप्त्यांत मिळत: बॅच सुरू झाली की ३० टक्के, उमेदवार प्रमाणित झाले की ५०, नोकरी लागली की २०. हा हिशेब नीट बघा. सगळ्यात मोठा हप्ता प्रमाणपत्रावर आहे. नोकरीचा हप्ता सगळ्यात लहान, आणि मिळवायला सगळ्यात अवघड. तुम्ही संस्था चालवत असता तर काय केलं असतं? नोकरीचा हप्ता बुडीत धरून प्रमाणपत्रांवर भर दिला असता. कोणी वाईट माणूस असण्याची गरज नाही, हिशेबच तसा आहे.

अशाच एका प्रशिक्षण केंद्रात मी असेसमेंटला गेलो होतो. ते कुठलं ते सांगत नाही. वेल्डिंगची बॅच, तीस मुलं. बूथ चकचकीत. मशिनच्या केबलला अजून कारखान्याची वेटोळी होती. मी मुलांना जोड मारायला सांगितला तर अर्ध्यांनी काच धरायच्या आधी आर्क पेटवला. मी नापास करायला लागलो तसा केंद्रचालक चहा घेऊन आला, हात जोडून म्हणाला, ‘सर, पोरांचं नुकसान होईल.’ त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. बहुधा कर्ज काढलं होतं त्यानं. मी त्या दिवशी नियमाप्रमाणे गुण दिले. त्या केंद्रावर मला पुन्हा पाठवलं गेलं नाही. हे एवढंच घडलं, यात मी कोणी हरिश्चंद्र नाही. आधी एक-दोन वेळा मीही ‘सीमारेषेवर आहे, जाऊ दे’ म्हणून सोडलेलं आहे.

शारदा प्रसाद समितीनं स्किल कौन्सिलांच्या कामाची तपासणी केली तेव्हा हेच सांगितलं होतं, की सगळे आकड्यांच्या मागे धावत आहेत आणि त्यात ना तरुणांच्या रोजगाराचं भलं होतंय ना उद्योगाच्या गरजेचं. समिती सरकारनंच नेमलेली होती. तेव्हा ही तक्रार माझ्यासारख्या कुरकुऱ्या निदेशकाचीच आहे असं समजू नका.

आता पूर्वानुभवाच्या मान्यतेकडे, म्हणजे आरपीएलकडे येतो. कागदावर मला हा सगळ्यात आवडणारा भाग. ज्याला काम येतंच, त्याला पुन्हा शाळेत न बसवता त्याची परीक्षा घ्या आणि दाखला द्या. क्षमताधिष्ठित विचाराचं खरं सोनं इथे असायला हवं होतं. थोडी ओळख करून देणारं प्रशिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र, आणि खात्यात ५०० रुपये.

एका बांधकामावर गवंड्यांची परीक्षा होती. ती घ्यायला दुसरा असेसर आला होता, मी केवळ सोबत. पन्नाशीचा एक मिस्त्री होता, लातूरकडचा. ओळंबा न लावता त्यानं नजरेनंच पाच थर रचले, मग आमच्या समाधानासाठी ओळंबा लावून दाखवला. दोरा भिंतीला चिकटून. सुरक्षिततेच्या प्रश्नांत मात्र तो अडला, कारण प्रश्न टॅबवर होते आणि मराठी असूनही असे की मलाच दोनदा वाचावे लागले. पास झाला. फोटो निघाला. मग त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, ‘सायेब, ह्या कागदानं हजेरी किती वाढंल?’

मी म्हटलं, वाढणार नाही.

‘मग कशापायी?’

मी त्याला बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीबद्दल सांगितलं. तिथे ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नोंदणी झाली की मुलांच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी मदत मिळते. तो म्हणाला, ती आहे माझी. म्हणजे ज्या कागदाला खरंच किंमत होती तो त्याच्याकडे आधीच होता, आणि तो क्षमतेचा नव्हता, हजर राहिल्याचा होता.

तुमच्या प्रश्नातला ‘श्रमधोरण’ हा शब्द मला इथे आठवला. क्षमतेच्या प्रमाणपत्राचा रोजंदारीशी सांधा कुठे आहे? किमान वेतनाच्या जुन्या कायद्याखालच्या दरांत कामगारांचे वर्ग होते: अकुशल, अर्धकुशल, कुशल, अतिकुशल. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही कौशल्यानुसार वर्ग धरलेले आहेत. केंद्राच्या अखत्यारीतले १ ऑक्टोबर २०२४ ला लागू झालेले दर बघा, अ क्षेत्रातले (मोठ्या शहरांतले), बांधकाम आणि तत्सम कामांचे: अकुशल ७८३ रुपये रोज, अर्धकुशल ८६८, कुशल ९५४, अतिकुशल १,०३५. अकुशल ते कुशल या सगळ्या प्रवासाचा सरकारी भाव तेव्हा १७१ रुपये रोज होता. आणि तोही प्रमाणपत्राला मिळत नाही. कोणता वर्ग हे कामावरून ठरतं, आणि काम काय लिहायचं ते मस्टर भरणारा ठरवतो. ठेकेदाराच्या मस्टरवर हेल्पर म्हणून नोंद असलेले, प्रत्यक्षात दिवसभर आर्गन मारणारे वेल्डर मी पाहिले आहेत.

एका बाजूला कौशल्य खात्याची आठ पातळ्यांची शिडी, दुसऱ्या बाजूला कामगार खात्याच्या चार पायऱ्या, आणि दोहोंमध्ये कायद्याचा धागा नाही. २०१३ च्या अधिसूचनेत तीन वर्षांत केंद्र सरकारच्या भरतीच्या अटी पातळ्यांच्या भाषेत बदलायच्या असं म्हटलं होतं. आजही मी मुलांना दाखवतो त्या जाहिरातींत ‘दहावी आणि आयटीआय’ असंच असतं. अमुक पातळी हवी असं लिहिलेली जाहिरात माझ्या हाती आलेली नाही.

याउलट कायद्याचा धागा जिथे आहे तिथे बघा. इलेक्ट्रिशियन आणि तारतंत्री. विजेचं काम करायला राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना लागतो, महावितरणच्या विद्युत सहायकाच्या भरतीला आयटीआयचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून दरवर्षी आयटीआयच्या प्रवेशात इलेक्ट्रिशियनच्या जागा पहिल्या झटक्यात भरतात आणि त्याच आवारातले काही ट्रेड रिकामे राहतात. मुलांना धोरण वाचावं लागत नाही. कोणता कागद दार उघडतो हे त्यांना गावातल्या थोरल्या मुलांकडून कळतं.

मग सरळ कायदाच करा की, पातळी चारचं प्रमाणपत्र असेल तर कुशल कामगाराचं वेतन द्या, असं मला माझे विद्यार्थी म्हणतात. मलाही वाटायचं. पण तसं केलं तर ठेकेदार प्रमाणपत्र नसलेला माणूस घेईल, तेच काम करून घेईल आणि मस्टरवर अकुशल लिहील. परवान्याचा धागा चालतो तो वेतनामुळे नाही. परवाना नसलेल्यानं काम केलं तर ते बेकायदा ठरतं, म्हणून चालतो. प्रत्येक धंद्याला असा परवाना लावणं शक्य नाही आणि योग्यही नाही. गवंड्याला परवाना लावलात तर त्या लातूरच्या मिस्त्रीचा रोज वाढणार नाही, परवाना देणाऱ्या दलालाचा वाढेल.

आणि पीसवर काम करणाऱ्यांचं काय? सोलापूरला गणवेश शिवणाऱ्या बायका नगावर पैसे घेतात. त्यांच्या क्षमतेचं मूल्यमापन रोज संध्याकाळी होतं, नग मोजून, शिवण उसवून बघून. त्यांना तुमची पातळी साडेतीन की चार, यानं एका बाहीमागे एक पैसाही वाढत नाही. तरी महिलांच्या कौशल्य योजनांमध्ये शिवण आणि ब्यूटी पार्लर यांचीच गर्दी असते. या विषयावर स्वतंत्र लिहायला हवं, इथे सोडतो.

जर्मनीचं नाव निघतंच, तेव्हा त्याबद्दल थोडं. तिथे ‘क्षमता’ हा शब्द आहे, पण कप्पे करून नाही. धंदा अखंड शिकवतात. सव्वातीनशेच्या आसपास मान्य धंदे, बहुतेक तीन-साडेतीन वर्षांचे, आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि बाकी शाळेत. धंद्याचा अभ्यासक्रम ठरवताना मालक आणि कामगार संघटना दोघंही टेबलावर असतात, शेवटची परीक्षा कंपनी घेत नाही, चेंबर (उद्योग-व्यापार मंडळ) घेतं, आणि तिच्या परीक्षकांमध्येही दोन्ही बाजूंची माणसं असतात. वेतनाचे सामूहिक करारही त्याच धंद्याच्या पात्रतेकडे बघून होतात. इंग्लंडनं आणि आपण ज्या तीन गोष्टी सुट्या सुट्या केल्या, निकष, परीक्षा आणि पगार, त्या तिथे एकाच गाठीत आहेत. ती गाठ उचलून इथे आणता येत नाही, कारण आपले बहुसंख्य कामगार कुठल्याच सामूहिक करारात नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तेव्हा माझ्याकडे मुलांची रीघ लागली होती. त्यांना मी एकच सांगितलं: तिकडचे लोक तुमची पातळी विचारणार नाहीत, दोन वर्षांत नेमकं काय काय शिकलात त्याचा तपशील मागतील, आणि भाषा. तपशील सांगता येणारा मुलगा आयटीआयमधून येतो. तीन महिन्यांच्या कोर्समधून आलेल्याकडे सांगायला दोन पानंच असतात.

तर तुम्ही अभ्यास करत असाल किंवा एखादी योजना आखणार असाल, तर माझ्या मते काय करावं? पहिलं, जिथे चुकीची किंमत मोठी आहे असे धंदे वेगळे काढा: दाबाची भांडी, वीज, क्रेन, उंचीवरचं काम, रुग्णालयातली काही कामं. तिथे कठोर क्षमता-परीक्षा लावा, ती ज्याच्यावर जबाबदारी येते त्याला घेऊ द्या, आणि पात्रतेला मुदत ठेवा. तिथे हे साधन सोन्यासारखं आहे. बाकीच्या धंद्यांत दोन वर्षांच्या सलग शिक्षणाचे तुकडे करू नका. ‘वेळ मोजू नका’ या तत्त्वाचा आपल्याकडे सोयीचा अर्थ झाला: वेळच देऊ नका. हात बसायला वेळ लागतो. रूट रनची नजर यायला माझ्या बऱ्या मुलांना सात-आठ महिने लागतात, मंद मुलांना वर्ष, आणि गंमत म्हणजे त्या मंद मुलांपैकीच काही पुढे सगळ्यात चांगले निघतात.

पैशाचा हप्ता प्रमाणपत्रावरून काढा. तो संस्थेला प्रशिक्षणाच्या खऱ्या खर्चावर द्या. असेसर संस्थेनं किंवा तिच्याशी धंदा करणाऱ्या एजन्सीनं न निवडता, जो माणसं कामावर घेणार आहे त्या भागातल्या कारखान्यांनी पाठवावा. आखातात जाणाऱ्या वेल्डरांची मुंबईत ट्रेड टेस्ट होते ती अशीच: मालकाचा माणूस समोर उभा. ती परीक्षा कडक असते, कधी अन्यायीही असते, पण तिथे पास झालेल्याला विमानाचं तिकीट मिळतं.

आणि तुम्ही एखाद्या केंद्राला भेट देणार असाल तर भिंतीवरचे तक्ते, बायोमेट्रिक हजेरी, फोटोंचे अल्बम हे सगळं ते दाखवतीलच. बघून घ्या. मग मागच्या बाजूला जा आणि भंगार कुठे टाकता ते विचारा. वेल्डिंग शिकणाऱ्या तीस मुलांच्या बॅचचे महिनाभरात रॉडचे थोटूक पोत्यांनी निघतात. फसलेले जोड, वाकलेल्या पट्ट्या, कापून टाकलेले पाइप यांचा ढीग होतो. फिटरच्या शेडमागे लोखंडाचा कीस असतो, शिवण वर्गात चिंध्या. भंगारवाला किती दिवसांनी येतो ते शिपायाला विचारा. तो खोटं बोलत नाही, कारण हा प्रश्न कशासाठी विचारला हे त्याच्या लक्षात येत नाही.